राखाडी मासे

११ फेब्रुवारी

मासोळी,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच सकाळ गेली. ‘सौभाग्यवती’ लिहावं तर ते तुम्ही दोघांनी मिळून पुसलंत, ‘कुमारी’ लिहावं तर हसू येतं. शेवटी तुझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं नाव लिहिलं. ते काही कोर्टात परत करावं लागत नाही.

फोन का नाही केला, असं म्हणशील. तू ‘हॅलो’ म्हणालीस की मला पुढचं सुचत नाही, आणि चिरंजीव शेजारच्या खोलीत असले की माझा आवाज आपोआप खाली जातो. कागदाला ती अडचण नाही.

कारण असं, की तुझं कपाट रिकामं करत होते. कशासाठी ते विचारू नकोस, घर आवरायला काढलंय. वरच्या फळीवर, अगदी मागे, एक घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी सापडली. आत ओलसर तपकिरी भुसा. तंबाखू म्हणावी तर या घरात ती ओढणारा एकच माणूस होता आणि तो आता ओढण्याच्या पलीकडे गेला. चहाची पूड म्हणावी तर वास मातीचा. कुंडीत ओतणारच होते, पण पिशवीवर तुझ्या अक्षरातली चिकटपट्टी दिसली. भिंग लावून वाचली. ‘झोपलेत. उठवू नका.’

कोण झोपलंय ते लगेच कळव. घरात कोणी झोपलेलं असलं की मला भांडी घासणं अवघड होतं.

आई

•

१९ फेब्रुवारी

अहो आई,

हे लिहिलं, खोडलं, आणि नव्या कागदावर पुन्हा तेच लिहिलं. दुसरं काही तोंडात बसत नाही.

पिशवीत मासे आहेत. म्हणजे अंडी आहेत, खसखशीपेक्षा थोडी मोठी. तुम्हाला माझी बैठकीतली टाकी आठवत असेल, आणि तिच्यातले ते निळे, लाल शेपटीचे, बोटाच्या पेराएवढे मासे. किली म्हणतात त्यांना. ते जिथले आहेत तिथे नदी नाही, नुसती डबकी. पाऊस थांबला की डबकी आटतात आणि मोठे मासे मरतात. त्यांना ते आधीपासून ठाऊक असावं, कारण जगतात तितके दिवस ते रोज चिखलात अंडी घालत राहतात. अंडी सुक्या मातीत महिनोन् महिने पडून असतात. वरून गुरं चालत जातात, वारा धूळ नेतो. मग पाणी येतं.

टाकीतल्या माशांना चिखलाऐवजी मी काथ्याचा भुसा द्यायचे. घर सोडताना टाकी विकली, जाळ्या वाटून टाकल्या, पिशवी मात्र विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते. हातात घेतली होती, पुन्हा ठेवली.

तुम्हाला उठवायचे असतील तर असं करा. पसरट भांडं घ्या. बादलीत एक दिवस ठेवलेलं गार पाणी चार बोटं ओता, त्यात भुसा सोडा, आणि बाजूला व्हा. सकाळी बाजूने उजेड पाडून बघा. दोन ठिपके आणि एक स्वल्पविराम दिसला, तर तो मासा. सोबत एक कुपी पाठवते आहे. तिच्यातली पूड मिठाच्या पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी नारिंगी धूळ पोहायला लागते. तेच त्यांचं पहिलं जेवण. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचं औषधही पाठवते, टाकी मोठी केलीत की लागेल.

मी बरी आहे. काम तेच, लिफ्ट तपासायचं. उंच इमारतींच्या पोटात, तारांच्या शेजारी, दिवसभर वरखाली करते. खोली छान आहे. खिडकीशी माझीही एक छोटी टाकी आहे.

मासोळी

•

५ मार्च

मासोळी,

उठले!

(हे चिन्ह मी सहसा वापरत नाही. एक वापरलं, आता बास.)

मी जमिनीवर पालथी झोपून, भिंग डोळ्याला लावून, कितीतरी वेळ बघत होते. आधी काही नव्हतं. मग भांड्याच्या कडेची धूळ हलली. पुन्हा हलली, आणि या वेळी उलट दिशेने. वारा असता तर धूळ एकाच बाजूला गेली असती. तेव्हा ओळखलं, की ही धूळ स्वतःच्या मनाने चालली आहे.

चिरंजीव ऑफिसला निघताना म्हणाले, “आई, तू जमिनीवर काय करतेस?” मी म्हटलं, पाहुणे आलेत. ते बूट घालून गेले. हल्ली त्यांचं लक्ष दुसरीकडेच असतं.

आता दुपारचं माझं काम ठरलंय. भांडं खिडकीखाली ठेवते, शेजारी खुर्ची. पाण्यावरचा उजेड छतावर जातो आणि तिथे पसरतो, हलतो. परवा त्यातच डोळा लागला. स्वप्नात सगळं घर पाण्याने भरलं होतं, अगदी दिव्यापर्यंत. तुझे सासरे आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते, पेपरची पानं शेवाळासारखी हलत होती. मी म्हटलं, अहो, पाणी किती आलंय. ते म्हणाले, असू दे, उतरेल. जिवंतपणी कशाचीच घाई नव्हती, आता तर नाहीच.

यंदा हवा विचित्र आहे. दुपारी घरात धुकं उतरतं, अगदी स्वयंपाकघरापर्यंत. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, चंद्राला खळं पडतं तशी. दिसायला सुंदर आहे. तुझ्या टाकीतली मंडळी काय म्हणतात?

आई

•

१६ मार्च

अहो आई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि दुपारी लिफ्टच्या छपरावर बसून तारेला तेल देताना बाबांच्या पेपरची पानं हलताना दिसली. तिथे अंधार असतो. वरून कुठून तरी उजेडाची एक रेघ येते, तिच्यात धूळ तरंगते. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. एखादी उलटी जाते का, म्हणून.

पिल्लं फार भराभर वाढतील. या माशांना सवडच नसते. महिना-दीड महिन्यात नर ओळखू येतील. माद्या साध्या मातकट असतात, त्या तशाच राहणार. पण नरांवर एके दिवशी रंग चढतो. आधी शेपटीला, मग अंगावर, खवल्याखवल्याला. तो दिवस चुकवू नका. तुम्ही कापडगिरणीच्या रंगशाळेत इतकी वर्षं छटा जुळवल्यात, तुमच्याइतकं ते कोणाला कळणार? रंग चढला की तळाशी एका वाटीत भुसा ठेवा, अंडी त्यात घालतील.

माझे मासे मजेत आहेत. इथे धुकं अजिबात नाही, लख्ख ऊन आहे.

मासोळी

•

२८ एप्रिल

मासोळी,

माझ्या हातून काहीतरी चुकलंय.

मासे वाढले. अंगाने चांगले आहेत, खातात, एकमेकांवर धावून जातात. दोघांचं तर इतकं वैर, की मध्ये काच घालावी लागली. पण रंग नाही. तू म्हणालीस तो दिवस मी रोज उठून पाहिला, आणि तो आलाच नाही. निळा म्हणतेस तिथे राख आहे. लाल म्हणतेस तिथे जुन्या विटेचा चुरा. तुझ्या टाकीतले मला नीट आठवतात. बैठकीत पाऊल टाकलं की कोणी तरी निळी काडी पेटवल्यासारखं वाटायचं.

रंगशाळेत ताग्याला रंग नीट बसला नाही की आम्ही म्हणायचो, पाणी रुसलंय. मालक स्वतः नमुने घेऊन माझ्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, बाई, तुम्ही हो म्हणा, मग पुढे जाऊ. त्या बाईच्या हातून मासे असे उजळायचे राहावेत, याची लाज वाटते. तू सांग काय करू. मी काहीही करीन.

आई

•

६ मे

अहो आई,

लाज कसली? मासे आहेत, परीक्षा नाही.

तुमची नजर चुकायची नाही, तेव्हा पाणीच चुकत असणार. रोज थोडं थोडं पाणी बदला. जेवणात नारिंगी धुळीबरोबर जिवंत डासअळ्या द्या, मिळाल्या तर. टाकीच्या मागे काळा कागद लावा, उजळ जागेत मासे घाबरून फिके पडतात. उजेड कमी करून पाहा.

माझ्याकडेही एकदा असं झालं होतं. पाणी बदललं आणि आठवड्यात रंग परतले.

तुमचं अक्षर मोठं झालंय. एवढं ठसठशीत पेन कुठून आणलंत? ओळी मात्र खाली घसरतायत. पालथं झोपून लिहू नका.

मासोळी

•

१४ जून

मासोळी,

पाणी बदललं. काळा कागद लावला. डासअळ्यांसाठी गच्चीवर डबा भरून ठेवला, खालच्या मजल्यावरचे आजोबा भांडायला आले, त्यांना मासे दाखवले, तर ते म्हणाले, “वा, काय सुंदर.” मी म्हटलं, हो का. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं.

रंग तसाच. मग म्हटलं, शब्दांनी सांगण्यात अर्थ नाही. माझी रिळांची पेटी काढली. चिठ्ठ्या केव्हाच गळून गेल्यात, पण दोरे तेच आहेत. एकेक रीळ काचेला लावून, माशाच्या अगदी शेजारी धरून, रंगशाळेत जुळवायचे तसं जुळवलं. दोन दुपारी गेल्या. मासा थांबत नाही, ताग्यासारखा पडून राहत नाही. पण शेवटी जुळलं. जुळलं की मला पोटात कळतं.

सोबत दोन दोरे पाठवते. राखाडी अंगाचा, विटकरी शेपटीचा. बघ, किती उडालाय रंग.

भुशाची वाटी मात्र बाहेर काढली, पिळून पिशवीत बांधली. मासे फिके असले म्हणून अंडी घालायची थांबले नाहीत. पिशवीवर काय लिहायचं ते सुचलं नाही. नुसती तारीख लिहिली.

आई

•

२३ जून

अहो आई,

तुमचं पाकीट खिडकीशी उभी राहून उघडलं. घडीतून आधी दोरेच खाली पडले. ते उचलले, आणि पत्र वाचायच्या आधी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. म्हटलं, आले की रंग. आईंनी जिंकलं.

मग पत्र वाचलं.

आई, पहिला दोरा निळा आहे. मोरपिशी निळा, उन्हात धरला की आतून हिरवी झाक मारतो. दुसरा लाल आहे, ओल्या जखमेसारखा. माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून घरमालकिणीला दाखवले, कामावर दोघांना दाखवले. सगळे तेच म्हणाले.

मी रात्रभर विचार केला. तुमची जुळवणी चुकलेली नाही. ती तंतोतंत आहे. मासा आणि दोरा दोन्ही तुम्ही एकाच डोळ्यांनी बघितलेत, म्हणून दोन्ही एकसारखे राखाडी दिसले, आणि म्हणूनच बरोबर जुळले. मासे निळेच आहेत. पहिल्या दिवसापासून असणार.

दुपारी घरात उतरणारं धुकं, दिव्यांभोवतीची कडी, मोठं झालेलं अक्षर. मी हे सगळं वाचलं आणि तुम्हाला पाणी बदलायला सांगितलं. डोळे दाखवा, आई. बहुतेक मोतीबिंदू असेल, तो आता सहज काढतात. चिरंजीवांना मी कळवणार नाही, ते तुम्हीच सांगायचं.

मासोळी

•

२ जुलै

मासोळी यांस,

डोळे माझे आहेत. तुम्ही लिफ्ट तपासा.

आई

•

२० जुलै

अहो आई,

मी रागावलेली नाही. तुम्ही ‘तुम्ही’ म्हणालात ते लागलं, पण तेवढंच. लिहीत राहा. माशांबद्दल लिहा, नाहीतर शिव्या लिहा.

मासोळी

•

१९ ऑगस्ट

मासोळी,

मासे गेले. सगळे. मी मारले.

तू पाठवलेलं पाण्याचं औषध बुटक्या बाटलीत आहे, निळ्या झाकणाचं. तसल्याच बुटक्या बाटलीत फरशीचे डाग काढायचं औषध आहे. मी दोन्ही एकाच फळीवर ठेवते. का ठेवते, ते विचारू नकोस, वर्षानुवर्षं ठेवते. पाणी बदललं आणि औषध घातलं. मासे एकदम वर आले. मला वाटलं, ताज्या पाण्याने खूश झालेत. मी हसले पण. मग पाणी शांत झालं. फार शांत.

चिरंजीव आले तेव्हा मी खुर्चीतच होते. त्यांनी बाटली उचलली.

“आई, हे लाल झाकण आहे.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. मग म्हटलं, “नाही. मला ठाऊक नाही.”

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. लहानपणी शाळेत काही हरवून आलं की बसायचे तसे. तेव्हा सांगितलं सगळं.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच मला कळलं होतं. पुरतं नाही, पण दाराच्या फटीतून दिसावं तेवढं. गॅसची ज्योत दिसायची बंद झाली, मी हात जवळ नेऊन ओळखायची. छटांवर जगलेली बाई मी. ‘बाई, तुम्ही हो म्हणा,’ असं जिला म्हणायचे, तिने कोणाला जाऊन सांगायचं, की मला निळं दिसत नाही?

आणि दुसरंही एक कारण होतं, ते तुला लिहायचं टाळत आले. चिरंजीव पुन्हा लग्न करतायत. त्यांच्या ऑफिसातली आहे. चांगली आहे, मला आवडते, हे लिहिताना हात जड होतो. तुझं कपाट त्यासाठीच रिकामं करत होते. त्या मुलीच्या संसारात पहिलं सामान म्हणून आंधळी सासू जायला नको, असं वाटलं. म्हणून गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याने मासे मेले.

एक विचारते. मेलेले मासे काढताना लक्षात आलं. तू इतकी पत्रं लिहिलीस, पण तुझ्या टाकीतला एकही मासा कधी मेला नाही. मासे पाळणारं माणूस मेलेल्याबद्दल लिहितं. तुझ्याकडे टाकी नाही ना, पोरी?

पुढच्या महिन्यात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, अठरा तारखेला.

आई

•

२७ ऑगस्ट

अहो आई,

नाही. टाकी नाही. मालकीण पाण्याचं काहीही ठेवू देत नाही, खालच्या छताला डाग पडतील म्हणते. पहिल्या पत्रात लिहिलं, कारण तुम्हाला वाटू नये की मी सगळं सोडून आले आणि इथेही माझं काही नाही. मग प्रत्येक पत्रात ती टाकी भरत गेले. कधी कधी संध्याकाळी खिडकीपाशी बघायचे आणि तिथे नुसता कट्टा दिसला की दचकायचे.

लग्नाचं मला ठाऊक आहे. चिरंजीवांनी स्वतः फोन करून सांगितलं, मार्चमध्येच. आमच्यात भांडण कधीच नव्हतं, तुम्ही पाहिलंय, नुसतं बोलणं आटत गेलं. त्या फोनवर मात्र आम्ही बरंच बोललो. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मला सांगत नव्हतात.

माशांचं वाईट वाटून घेऊ नका, असं लिहिणार होते. पण घ्या वाईट वाटून, तुम्ही त्यांना वाढवलंत. मीही इथे बसून घेते.

सतराला येते. मी आले तर घरात अवघडल्यासारखं होईल, हे मला माहीत आहे. तरी येते.

मासोळी

•

२६ सप्टेंबर

अहो आई,

पोचले. फोनवर सांगितलंच, पण एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही.

पट्टी काढायच्या सकाळी दवाखान्यात आपण चौघं होतो. चिरंजीव सारखे उठून पाणी आणायला जात होते, कोणालाच तहान नसताना. ती मुलगी थर्मास मांडीवर धरून बसली होती. मला तिने हळूच विचारलं, तुम्हाला साखर किती? मी म्हटलं, एक. एवढंच बोललो आम्ही, पण मला ती आवडली. माझाही हात जड झाला हे लिहिताना.

नर्सने पट्टी काढली. मग तिने डोळा पारखायला म्हणून विचारलं, समोर कोण कोण आहे ते सांगा. तुम्ही बोट दाखवत गेलात. हा माझा मुलगा. ही माझी होणारी सून. मग बोट माझ्यापाशी आलं. तुम्ही म्हणालात, “ही माझी,” आणि थांबलात.

नर्स पुढच्या शब्दासाठी थांबली. चिरंजीव खाली बघत होते. तुम्ही काही पुढचा शब्द दिला नाहीत. तिनेही मग विचारलं नाही, आणि डोळ्यात थेंब कधी घालायचे ते मलाच समजावून सांगितलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. बाहेर शेतं, डबकी, पुन्हा शेतं. कुठल्याशा डबक्यावर उजेड पडला होता आणि तो गाडीबरोबर पळत होता. मी ते दोनच शब्द उलटसुलट करत राहिले. तुम्हाला शब्द सापडला नाही, की तुम्ही शोधलाच नाहीत? उत्तर देऊ नका. मला दोन्ही चालेल.

थेंब चुकवू नका. खाली वाकून काही उचलू नका.

मासोळी

•

१९ ऑक्टोबर

मासोळी,

उत्तर देत नाही.

डॉक्टरांनी नजर मोकळी करून दिली हे खरं, पण त्यांनी आधी सांगायला हवं होतं, की काय काय बघावं लागेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर इतका तेलकटपणा आहे, की मी तीन दिवस घासत होते. तू राहिलीस तेव्हा तुला दिसला असणार आणि तू बोलली नाहीस, याची नोंद घेतली आहे. बैठकीचा पडदा दुधाळ समजून आणला होता, तो पिवळाधमक आहे. चिरंजीवांच्या कानाशी पांढरे केस आलेत. ते मात्र बरं वाटलं, पोरगा माझाच आहे म्हणून.

आणि तू फार वाळलीस. पट्टी काढल्यावर पहिलं तेच दिसलं, पण तिथे चारचौघांत कसं बोलणार?

परवा रिळांची पेटी उघडली. झाकण उचललं आणि पुन्हा मिटलं, इतका गलका होता आत. मग हळूहळू उघडलं. ते निळं रीळ सापडायला वेळ लागला नाही, दोऱ्याचं कापलेलं टोक अजून मोकळंच होतं. खिडकीशी नेऊन बघितलं. असा होता तर तो. रोज माझ्यासमोर असा होता, आणि मी त्याला राख म्हणत राहिले, मागे काळा कागद लावला, बिचाऱ्याला डासअळ्या खाऊ घातल्या. खूप वेळ रीळ हातात घेऊन बसले. रडले नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे.

लग्न सहीचं झालं, सकाळी गेले आणि दुपारी जेवायला परत आले. दोघं पुढच्या रस्त्यावर राहायला गेलेत. मी हे घर सोडत नाही, त्यांनीही फार आग्रह केला नाही. समजूतदार आहेत.

घर मोठं झालंय. दुपारी छतावर आता नुसताच उजेड असतो, तो हलत नाही.

तेव्हा मी असं ठरवलंय. दुसरा डोळा जानेवारीत आहे, तोवर मी मोकळी. तुझ्याकडे येते. जूनमध्ये तारीख लिहून ठेवलेली भुशाची पिशवी पर्समध्ये ठेवली आहे, कपड्यांच्या बॅगेत दबेल म्हणून. किती दिवस राहायचं ते ठरवलेलं नाही, तूही विचारू नकोस. तुझ्या मालकिणीशी मी बोलते. तिने टाकीला मनाई केली आहे. पसरट पातेल्याला केलेली नाही. आणि पातेलं जेवणाचं भांडं आहे, त्यात मी काय ठेवते ते बघायला ती येणार असेल, तर तिलाही मासे दाखवू. कोणते निळे आणि कोणते मातकट, ते मी सांगीन. या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

गाडी शनिवारी सकाळी पोचते. स्टेशनवर यायची गरज नाही, पाट्या आता मला वाचता येतात.

तरी ये.

आई